पित्तावर नाहक आळ

नांदेड-लातूरकडे डोकेदुखीचं निदान करायला डॉक्टर लागत नाही. ‘डोस्कं दुखायलंय’ म्हणायचा अवकाश, शेजारच्या काकूंपासून मेडिकलच्या काउंटरवरच्या पोरापर्यंत सगळ्यांचा निकाल तयार असतो: पित्त झालंय. पुढचं ठरलेलं. रात्री काय खाल्लं, सकाळी उपाशीपोटी चहा घेतला का, जागरण झालं का, अशी उलटतपासणी होते. गुन्हा कबूल करून घेतला जातो, एक पित्ताची आणि एक दुखायची अशा दोन गोळ्या हातावर पडतात आणि खटला मिटतो. पंधरा दिवसांनी तीच बाई, तेच डोकं, त्याच दोन गोळ्या. निदान इतकं बरोबर आहे तर रोगी वीस वर्षं तिथंच का, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला हवं, कारण निदानच उलटं आहे. पित्तानं डोकं दुखत नाही. डोक्यात जे सुरू होतं त्यानं पोट ढवळतं. या भागात ज्याला सर्रास ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात, ते बहुतेक वेळा अर्धशिशी असते, म्हणजे मायग्रेन. चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकणारी, बऱ्याचदा एका बाजूची, ठणके मारणारी वेदना; जिना चढला, वाकून केर काढला की ती वाढते; मळमळ किंवा उलटी; उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर मुळीच नको. असे पाच तरी हल्ले येऊन गेले असतील आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर जगभरचे डॉक्टर या वर्णनावरूनच मायग्रेन म्हणतात. रक्ततपासणी नाही, फोटो नाही. आपल्याकडे याच वर्णनातली मळमळ तेवढी उचलली जाते आणि बाकीचं सोडून दिलं जातं.

पित्तवाद्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे उलटी. हिरवं-पिवळं, कडूजहर पाणी पडतं. ते पित्त नाही तर काय? पित्तच आहे, वाद नाही. पण रिकाम्या पोटी कुणीही तीन-चारदा उलटी केली की शेवटी तेच पडणार, कारण जठरात काही उरलं नाही की पुढच्या आतड्यातलं पित्त मागे येतं. बस लागलेल्या पोरालाही शेवटी कडू पाणीच पडतं. म्हणून काही बसचं वळण पित्तामुळे आलं असं आपण म्हणत नाही. जाता जाता सांगतो, लहानपणी ज्यांना बस लागते त्यांच्यात पुढे अर्धशिशी जास्त आढळते. दोन्हींचं मूळ पोटात नाही, वर आहे.

‘पण उलटी झाली की बरं वाटतं ना!’ वाटतं, काहींना नक्की वाटतं. कितीतरी जणांत उलटी हल्ल्याच्या उताराला येते, मग गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं हलकं असतं. हल्ला उतरणीला लागलेला असतो तेव्हाच उलटी होत असेल, तर श्रेय तिला किती द्यायचं? काहीजण मुद्दाम घशात बोटं घालतात. त्यानं घसा सोलतो, अंगातलं पाणी जातं आणि घेतलेली गोळीही बाहेर पडते. हल्ल्यात जठराची हालचाल मंदावते, हे तपासून पाहिलेलं आहे. रात्रीचं जेवण सकाळी तसंच्या तसं पडतं ते यामुळे, आणि उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही तीही यामुळेच. ती पोटात नुसती पडून राहते.

दुसरा पुरावा औषधाचा. पित्ताची गोळी घेतली आणि डोकं राहिलं. गोळी एकटी कुठं होती? सोबत दुखायची होती. गावच्या दवाखान्यात ‘पित्ताची सुई’ म्हणून जे टोचतात त्यात बहुधा रॅनिटिडीनबरोबर डायक्लोफेनॅकही असतं, वर सलाईन आणि दोन तास डोळे मिटून पडणं. यातलं डायक्लोफेनॅक आणि पडून राहणं काम करतं, नाव पित्ताच्या औषधाचं होतं. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना शेतातून आलेल्या माणसाला सलाईननंही बरं वाटेल, कारण अंगातलं पाणी आटलेलं असतं. पण ते काम तांब्याभर पाणी आणि मीठ-साखरेनंही होतं. गंमत अशी की पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या कागदावर नेहमीच्या दुष्परिणामांच्या यादीत डोकेदुखी छापलेली असते.

आता आयुर्वेदाकडे येऊ, कारण पित्ताचा वाद हरायला लागला की माणूस चट्‌कन ‘आपल्या शास्त्रात सांगितलंय’ म्हणतो. काय सांगितलंय? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग मोजले आहेत. पित्ताचा त्यातला एक. अर्ध्या डोक्याचा ‘अर्धावभेदक’ वेगळा काढलेला आहे आणि त्याचं कारण तिन्ही दोषांत सांगितलं आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हाच रोग एकट्या वातानं किंवा कफासह वातानं होतो असं म्हटलं आहे. वाग्भट तो वाताच्या खात्यात टाकतो. म्हणजे ज्या ग्रंथांचा हवाला देऊन पित्ताला पकडलं जातं, तेच ग्रंथ अर्धशिशीत त्याला मुख्य आरोपी धरत नाहीत. त्रिदोषांची भाषा मी मानतो की नाही हा वेगळा विषय. पण हवाला द्यायचा तर वाचून द्यावा.

ही चूक एकट्या मराठवाड्याची आहे असंही नाही. युरोपातही जुन्या काळापासून पोटातल्या दूषित रसांचे वाफारे डोक्यात चढतात अशी समजूत होती, आणि इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक यकृत-पित्ताला दोष देत जुलाब घेत होते. 1873 साली एडवर्ड लिव्हिंग या डॉक्टरानं जाडजूड ग्रंथ लिहून हा मज्जासंस्थेतला झंझावात आहे असं मांडलं. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत धागा हाती आला: चेहरा आणि मेंदूचं आवरण यांची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस, तिच्या टोकांतून झिरपणारं सीजीआरपी नावाचं रसायन, आणि त्यानं पेटणारी वेदना. या शोधासाठी 2021 चं ब्रेन प्राइझ चार शास्त्रज्ञांना मिळालं. त्या रसायनाला अडवणारी इंजेक्शनं 2018 पासून अमेरिकेत वापरात आली. डोकेदुखीवर पोटाच्या वाटेनं जाण्याचा रस्ता तिकडे केव्हाच बंद झाला.

मग उपास, ऊन, जागरण यांनी डोकं उठतं ते खोटं का? मुळीच खोटं नाही. फक्त ती पित्तामार्गे जात नाहीत. अर्धशिशीचा मेंदू जन्मतःच हळवा असतो. बहुतेकदा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. त्याला बदल सोसत नाही. जेवणाची वेळ चुकली, झोप कमी झाली, अगदी रविवारी जास्त झाली, पाळी जवळ आली, उन्हाची तिरीप डोळ्यांवर बसली की तो पेटतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं. नवरात्रात माहूरच्या रेणुकेला किंवा तुळजापूरला अनवाणी चालत जाणं, तेही उपाशी. नांदेडच्या मोहल्ल्यांत रमजानच्या पहिल्या तीन-चार रोजांत कपाळाला बांधलेले रुमाल. यात उपवास आहे, तहान आहे आणि एक तिसरं कारण आहे ज्याकडे लक्ष जात नाही: रोजचा चहा बंद झालेला असतो. ‘चहा नाही मिळाला की डोकं धरतं’ हे वाक्य ज्याच्या तोंडी असतं, त्यानं आपल्या आजाराचं अर्धं निदान स्वतःच केलेलं असतं. मशेरी लावणाऱ्या बायकांचंही तेच. नाही लावली तर डोकं जड होतं, लावली की उतरतं, म्हणून ती औषध वाटते. मुळात ते जडपण तंबाखूनंच लावलेलं असतं.

आणखी एक फसगत. हल्ला ठणकायला लागायच्या काही तास आधी मेंदूत सुरू झालेला असतो. त्या वेळात जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, काहीतरी गोड किंवा चमचमीत खावंसं वाटतं. माणूस खातो. तासाभरात डोकं उठतं आणि आळ येतो खाल्लेल्या भज्यांवर. मान आखडते म्हणून काहीजण मणक्याच्या डॉक्टरकडे जातात. एक्स-रेत चाळिशीनंतर कुणाच्याही मणक्यांची थोडी झीज दिसतेच, की गळ्यात पट्टा आला. नाक चोंदतं, डोळ्यात पाणी येतं, म्हणून काहींना ‘सायनस’ चिकटतो. अमेरिकेत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं ठामपणे सांगणाऱ्या 2,991 लोकांना तपासलं तेव्हा 88 टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. लातूरच्या ट्यूशन एरियात बारावीच्या पोरीचं डोकं दुखायला लागलं की चष्म्याचा नंबर बदलतो. ती सकाळी काही न खाता सहाच्या बॅचला पळते, मेसचा डबा दुपारी दोनला उघडते, रात्री एकपर्यंत अभ्यासिकेत बसते. आणि दोष चष्म्याला. लातूर पॅटर्ननं किती डॉक्टर दिले ते आपण अभिमानानं सांगतो. त्यातल्या कितींनी डॉक्टर व्हायच्या वाटेवर स्वतःची अर्धशिशी पित्ताच्या गोळ्यांवर काढली असेल, देव जाणे.

हा सगळा शास्त्रार्थ एवढ्या तिखटपणे करायचं कारण पुढे आहे. पित्त हे निदान वरवर निरुपद्रवी दिसतं, पण ते दोष रोग्यावर ढकलतं. तू जेवली नाहीस, तू तिखट खाल्लंस, तू विचार फार करतेस. सुनेचं डोकं दुखलं तर ते आधी नाटक ठरतं, मग पित्त ठरतं. दोन्हींत ती जबाबदार. बाईमध्ये ही व्याधी पुरुषापेक्षा कितीतरी जास्त, तारुण्यात जवळजवळ तिप्पट. लातूरच्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत निम्हान्सच्या संशोधकांनी 2,329 प्रौढांना विचारलं, तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेले सुमारे 25 टक्के निघाले, आणि एकूण डोकेदुखी शहरापेक्षा खेड्यात जास्त. चौघांत एक. ज्या वयात बाई घर, शेत आणि पोरं एकाच वेळी ओढत असते, त्याच वयात हा आजार जोरात असतो. तिला औषध काय मिळतं? पथ्य. वरण बंद, शेंगदाणे बंद, वांगं बंद, दही बंद. ज्या लातूरच्या आडतीतून आणि डाळमिलमधून तूर देशभर जाते, त्या लातूरच्या घरात ‘तुरीनं पित्त होतं’ म्हणून बाई वरणाविना भाकरी खाते. आधीच रक्त कमी, त्यात प्रथिनंही गेली. डोकं होतं तिथंच.

आणि गोळ्या. इथं मी मवाळ बोलणार नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की दुखतं, घेतली की थांबतं, पुन्हा उतरते. किराणा दुकानात, पानटपरीवर सुटी मिळणारी सॅरिडॉन ही पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन यांची एकत्र गोळी आहे. म्हणजे तिची मर्यादा पंधरा नव्हे, दहा दिवसांची. ‘अर्धशिशीची’ म्हणून चिठ्ठीविना मिळणाऱ्या काही पट्ट्यांत अर्गोटामीन असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं. गरोदरपणात चालत नाही, हृदयविकारात चालत नाही, काही प्रतिजैविकांसोबत घेतलं तर हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. काउंटरवरचा पोरगा हे विचारतो का? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी वर्षानुवर्षं घेतल्या की जठराला खरोखर जखमा होतात, मूत्रपिंडं थकतात. म्हणजे जे पित्त नव्हतंच, ते आपण पित्ताच्या नावानं गोळ्या खाऊन पोटात आणतो. मग ‘बघा, पित्तच होतं’ म्हणायला मोकळे.

बाम चोळण्याला माझा विरोध नाही. 1893 साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर रावांनी अमृतांजन काढलं तेव्हापासून पिवळी डबी घराघरात आहे. थंडावा लागतो, चोळणाऱ्याचा हात लागतो. त्यानं कुणाचं मूत्रपिंड गेलेलं नाही.

पण पित्ताचं निदान जिथं थेट जिवावर उठतं, ते प्रसंग वेगळे आहेत आणि तिथं वादाला जागा नाही. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली पोटात दुखतंय, मळमळतंय असं सांगते. ऐकायला हे हुबेहूब पित्त आहे. असतो तो गरोदरपणातला चढलेला रक्तदाब, ज्याच्या पुढच्या पायरीवर झटके येतात. एरवी साधारण वाढलेल्या बीपीनं डोकं दुखत नाही, उलट दुखण्यानं बीपी वाढलेलं दिसतं. पण इथं नियम फिरतो. त्या बाईला अँटासिड द्यायचं नाही, 108 बोलवायची. बाळंतिणीचं तर आणखी वाईट. तिला पाणी कमी द्यायचं, कान बांधायचे, शेगडीपाशी निजवायचं ही रीत अजून गेलेली नाही. आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ धरण्याचा धोका भारतात चांगलाच ओळखीचा आहे. रक्त कमी आणि अंगात पाणी कमी, ही त्याला पोषक जमीन. तिचं डोकं दिवसेंदिवस वाढत जातं, उलट्या होतात, घरचे म्हणतात वारं लागलं, पित्त झालं. वेळेत रक्त पातळ करणारं औषध मिळालं तर ती वाचते.

शेताकडेही बघा. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कापसावर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. नदीच्या अलीकडे माहूर-किनवटलाही तोच कापूस, तोच पाठीवरचा पंप. अशा विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि घामानं होते. फवारून आलेला गडी डोकं धरून बसला, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, आणि कुणी त्याला लिंबूसरबत देऊन ‘ऊन लागलं, पित्त खवळलं’ म्हणून झोपवलं, तर सकाळ बघायला मिळेलच असं नाही. कपडे उतरवायचे, अंग साबणानं धुवायचं, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. याशिवाय वीज पडावी तशी क्षणात शिगेला गेलेली डोकेदुखी. तापासह आखडलेली मान. आठवडेच्या आठवडे बारीक ताप, वजन उतरणं आणि वाढतं डोकं, ज्यामागे क्षयाचा मेंदूज्वर असू शकतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं. यांना स्कॅन हवा, आणि लगेच हवा. उरलेल्यांना सहसा नको. पण आपल्याकडे वीस वर्षं ठरावीक अर्धशिशी असणारी बाई हौसेनं स्कॅन करून येते, ‘नॉर्मल’ शिक्का मिळाला की घरचे म्हणतात, बघ, काही नाही तुला.

तिला काही आहे आणि त्यावर उपाय आहे. त्यासाठी नांदेडच्या डॉक्टर लेनमधला मेंदूचा तज्ज्ञच हवा असंही नाही. विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयातला किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेतला मेडिसिनचा डॉक्टर पुरे, किंवा तालुक्याचा एमडी. फक्त जाताना कालनिर्णयवर तीन महिन्यांच्या खुणा करून न्याव्यात: कोणत्या दिवशी दुखलं, कोणत्या दिवशी गोळी घेतली. पाळी आणि संकष्टी त्याच पानावर असतात, मेळ आपोआप दिसतो. हल्ल्याची गोळी सुरुवातीलाच, पुरेशा मात्रेत, गरज तर मळमळीच्या औषधासोबत घ्यायची. आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. सुमाट्रिप्टानसारखी खास औषधं आहेत, हृदयविकार असेल तर ती टाळायची.

हल्ले वारंवार येत असतील तर रोज घ्यायची, हल्ला येऊच नये म्हणूनची गोळी वेगळी. प्रोप्रॅनोलॉल ही त्यातली जुनी आणि स्वस्त. दमेकऱ्याला चालत नाही. अमिट्रिप्टिलीन रात्री घेतात, सकाळी थोडी सुस्ती राहते. फ्लुनारिझिननं वजन वाढू शकतं. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला देणं टाळतात, कारण गर्भाला ते घातक. इथं शेवटची हरकत येते: ‘या तर वेडाच्या गोळ्या, एकदा धरल्या की आयुष्यभर सुटत नाहीत.’ अमिट्रिप्टिलीन उदासीवरही देतात, पण जास्त मात्रेत. डोक्यासाठी तिची मात्रा त्याच्या तुलनेत अगदी कमी असते. आणि आयुष्यभर काहीच नाही. फरक कळायला दीड-दोन महिने जातात, चांगला गुण आला की सहा महिने ते वर्षभर चालवून डॉक्टर ती हळूहळू कमी करून बघतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून पट्टी फडताळात टाकली आणि पुन्हा मेडिकलवर जाऊन दोन गोळ्या मागितल्या, तर ते अपयश त्या औषधाच्या नावावर लिहू नये.